फुगडीला दोघी लागतात



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते वर्गात नव्हे, रस्त्यावर. सकाळी साडेदहाच्या सुमारास ते दीड कोसावरच्या आपल्या गावाहून शाळेला यायचे. हातात सायकल असायची, पण ती चालवताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. सायकलच्या कॅरिअरला तिघांची दप्तरं बांधलेली, एका बाजूला थोरली मुलगी, दुसऱ्या बाजूला धाकटी, आणि तिघंही पावकी-निमकी म्हणत झपाझप चाललेले. गुरुजींची ढांग लांब होती, त्यामुळे धाकटीला मधूनमधून पळावं लागे. एका सायकलवर तिघं मावत नाहीत, म्हणून कुणीच बसायचं नाही, असा त्यांच्या घरचा हिशोब. त्या दोघी मुली आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. दोघींनी साठी ओलांडली आहे आणि दोघी आजही रोज सकाळी चालायला जातात. व्याख्यानाचा विषय मी ठरवला तो हे दृश्य डोळ्यांपुढे ठेवून.

मी एकतीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. मुलांच्या भाषेत पी.टी.च्या बाई. शिट्टी, चुन्याची फक्की आणि हजेरीचं पाकीट एवढं माझं दप्तर. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून किती मुलं गेली ते मोजलेलं नाही, पण एक गोष्ट मनाशी पक्की झाली. मूल चपळ आहे की नाही हे पहिल्या आठवड्यात कळतं. ते चपळ राहील की नाही, हे मात्र पालकसभेच्या दिवशी कळतं. ज्या घरात मोठी माणसं मुलांबरोबर अंग हलवतात, त्या घरचं मूल दहावी झाली, नोकरी लागली, लग्न झालं तरी थांबत नाही. ज्या घरात मुलाला फक्त पाठवलं जातं, ते मूल पाठवणं थांबलं की थांबतं.

पाठवणं म्हणजे काय, ते मी रोज संध्याकाळी बघते. स्केटिंगचा क्लास, कराटेचा क्लास, बॅडमिंटनचं कोचिंग. मैदानाच्या कडेला कट्टा आहे. मुलांना सोडून आई-बाबा त्या कट्ट्यावर तासभर बसतात. कुणी ऑफिसातून थेट आलेलं असतं, कुणी घरचा स्वयंपाक अर्धा टाकून. त्यांना मी नावं ठेवत नाही. दिवसभर राबून मुलासाठी तो तास काढणं ही माया आहे, आणि त्या क्लासची फी भरताना कुठला खर्च मागे सारला जातो हेही मला ठाऊक आहे. पण त्या कट्ट्याकडे पाहताना मला वाटत राहतं की हा तास केवढा तरी वाया चालला आहे. दहा पावलांवर मूल पळतं आहे आणि त्याची आई त्याच वेळी, त्याच हवेत, बसून आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. हृदयरोगाच्या अभ्यासासाठी ते 1948 पासून वैद्यकाच्या जगात प्रसिद्ध आहे. तिथल्याच कुटुंबांतल्या 4 ते 7 वर्षांच्या सुमारे शंभर मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा एक अभ्यास 1991 साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या कमरेला हालचाल मोजणारं छोटं यंत्र लावलेलं होतं, त्यामुळे 'मी रोज खूप चालतो' असं नुसतं म्हणून भागणार नव्हतं. निष्कर्ष असा निघाला की आई हालचाल करणारी असेल तर मूल तसं असण्याची शक्यता दुप्पट, वडील असतील तर साडेतीन पट, आणि दोघंही असतील तर, दोघंही बैठे असलेल्या घराच्या तुलनेत, जवळजवळ सहा पट.

हे आकडे मी अनेक पालकसभांत सांगितले. आता थोडी सावधगिरीही सांगायला हवी. शंभर मुलं म्हणजे फार नव्हेत. पुढे अनेक देशांत असे अभ्यास झाले आणि त्यांचं उत्तर एकसारखं आलेलं नाही. आईवडील स्वतः किती व्यायाम करतात याचा मुलांशी संबंध काही अभ्यासांत ठळक दिसला, काहींत फिका. पण ज्या घरात मुलांना हालचालीसाठी साथ मिळते, म्हणजे बरोबर खेळणं, घेऊन जाणं, वेळ काढून देणं, पाठीवर थाप देणं, त्या घरात मुलं जास्त हलतात, हे पुन्हा पुन्हा आढळलं.

मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. पहाटे पाचला जिममध्ये जाऊन सातला परत येणारे वडील माझ्या ओळखीचे आहेत. प्रकृती उत्तम. पण ते जातात तेव्हा मूल झोपलेलं असतं, येतात तेव्हा ते रिक्षात बसलेलं असतं. वडिलांचा व्यायाम मुलाच्या आयुष्यात घडतच नाही. त्याच्या लेखी ती दाराला अडकवलेली एक बॅग आहे. व्यायाम करणारा बाप आणि मुलाबरोबर व्यायाम करणारा बाप यांत हे एवढं अंतर आहे.

आपल्या कऱ्हाडकरांना हे कळायला फ्रेमिंगहॅमला जायची गरज नाही. इथून हाकेच्या अंतरावर गोळेश्वर आहे. 15 जानेवारी 1926 रोजी तिथे खाशाबा जाधव जन्मले. पाच भावांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, आणि पोराला पहिले डाव शिकवले ते त्यांनीच. हेलसिंकीला 1952 साली खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक, आणि बैलगाड्यांच्या मिरवणुकीने आपल्या लोकांनी त्यांचं स्वागत केलं. ही गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असते. पण ती सांगताना आपण हेलसिंकीवर थांबतो. मला त्याच्या खूप आधीच्या दिवसांकडे बघावंसं वाटतं: बापाच्या मागोमाग लाल मातीत उतरलेलं चार-पाच वर्षांचं पोर.

तालमीत काय होतं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. आधी आखाडा खणायचा. फावड्याने माती वरखाली करायची, तिच्यात तेल, ताक, हळद घातलेली असते, ती कालवायची. हे काम पोरंही करतात आणि वस्तादही करतात. मग जोर, बैठका. लहान पोराला कुणी 'पन्नास काढ' म्हणत नाही. ते मोठ्यांच्या रांगेत उभं राहतं आणि जमतील तेवढे काढतं. मग मोठा पैलवान गुडघ्यावर बसतो, म्हणजे पोराच्या उंचीचा होतो, आणि त्याला लढत देतो. स्वतःची ताकद त्या पोराच्या ताकदीइतकी खाली आणतो. मुलाबरोबर खेळण्याची सगळी विद्या मला त्या गुडघ्यावर बसण्यात दिसते.

तालमीने मुलींना मात्र आत घेतलं नाही. त्या गोष्टीकडे मी येणारच आहे. आधी औंधला जाऊ.

आपल्याच जिल्ह्यातलं औंध संस्थान. राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जन्म 1868, मृत्यू 1951. यमाईच्या डोंगरावरचं त्यांचं संग्रहालय आपण सहलीला पाहतो, पण त्या माणसाचा खरा ध्यास सूर्यनमस्कारांचा होता. तरुणपणी त्यांनी सँडोच्या पद्धतीचा विलायती व्यायाम काही वर्षं केला आणि मग ते नमस्कारांकडे वळले. संस्थानातल्या शाळांत मुलामुलींना सूर्यनमस्कार सक्तीचे केले. इंग्रजीत पुस्तक लिहिलं. 1938 साली लुईस मॉर्गन या पत्रकर्तीच्या संपादनाखाली ते लंडनहून निघालं आणि तिकडच्या गृहिणींनी वाचलं. राजवाड्यातही हा व्यायाम एकट्या राजांचा नव्हता. राणीसाहेब आणि मुलंही नमस्कार घालत. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले, देशोदेशी राहिले, आणि 1970 साली त्यांनी स्वतः सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलं. बाप राजा, मुलगा लोकशाही देशाचा नोकर. राज्य गेलं, अंगातला व्यायाम राहिला.

बाळासाहेबांच्या विचारातला एक भाग मला फार जवळचा वाटतो. त्यांनी हा व्यायाम बायकांसाठी आग्रहाने सांगितला. नमस्काराला मैदान लागत नाही, साहित्य लागत नाही, जोडीदार आला नाही म्हणून खेळ मोडत नाही. एक सतरंजी अंथरली की आई, बाप आणि दोन पोरं एका ओळीत उभी राहतात. बारा नमस्कारांना किती वेळ लागतो? सावकाश घातले तरी चहा उकळून गाळेपर्यंतचा. मी माझ्या दोन्ही मुलांबरोबर ते घातले. धाकटा तीन वर्षांचा होता तेव्हा साष्टांगाला जमिनीवर गेला की तिथेच लोळत पडायचा आणि पुढच्या नमस्काराला आम्ही त्याला ओलांडून जायचो. मी त्याला कधी उठवलं नाही. पाचव्या वर्षी तो आपण होऊन उठायला लागला.

आता आयांकडे येते. एवढी वर्षं मैदानावर काढल्यावर मला जे खरोखर सांगायचं आहे ते इथून पुढे आहे.

माझी आई दिवसभर राबायची. नदीवरून पाणी, जात्यावर दळण, शेतात भांगलण, संध्याकाळी सरपणाची मोळी. कुणी तिला 'व्यायाम करत जा' म्हटलं असतं तर तिला ते क्रूर वाटलं असतं, आणि ते क्रूरच झालं असतं. कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे, हे मी वर्गात शिकवत होते, पण त्याचा पुरावा मला पुढे मिळाला तो पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. जास्त अंगमेहनत करणाऱ्या आयांची बाळं वजनाला कमी भरली, असं त्यात आढळलं. शरीर हलतंय एवढ्याने ते सुदृढ होत नाही. पोटाला पुरेसं हवं, विसावा हवा, आणि ती हालचाल आपण होऊन केलेली हवी.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट घराघरात पोहोचायला हवी. या खेड्यांतली बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं वजनाला कमी, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. डॉ. याज्ञिकांचं आणि जॉन युडकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं शेजारी शेजारी छापलेलं एक छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक 22.3, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. त्यामुळे 'आमचा बंड्या काटकुळाच आहे, त्याला कशाला व्यायाम' असं जेव्हा एखादी आई म्हणते तेव्हा मला राहवत नाही. बारीक दिसणं हा आपल्याकडे प्रकृतीचा दाखला नव्हे. आपल्या मुलांना स्नायू कमवावे लागतात, आणि ते हालचालीशिवाय कमावता येत नाहीत.

पण माझी आई फक्त राबत नव्हती. नागपंचमीला ती खेळायची.

सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असत, पाराच्या झाडाला झोका बांधलेला असे, आणि जेवणं उरकली की बाया अंगणात जमत. झिम्मा, फेर आणि फुगडी. मी सहा-सात वर्षांची असेन. आईने मला ओढत नेलं आणि म्हणाली, "हात दे. असं न्हाई, तिढा घालून." उजव्यात उजवा, डाव्यात डावा. मग तिने तिचे चवडे माझ्या चवड्यांना टेकवले. तिची पावलं भेगाळलेली, गार. माझी पावलं तिच्या निम्मी. "आता मागं रेल." मी रेलायला घाबरत होते. पुढे वाकून पायांकडे बघत होते. "पायाकडं बघू नगं, माझ्याकडं बघ. मागं रेल, मी हाय की." मी मागे रेलले आणि तिनेही गुडघे वाकवून, कंबर खाली घेऊन, माझ्या वजनाएवढंच स्वतःला मागे नेलं. पावलं सरकायला लागली. अंगण फिरलं, पार फिरला, झोका फिरला, आणि मधोमध फक्त आईचं तोंड स्थिर राहिलं. ती हसत होती. दात दिसत होते. मी तिला इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

फुगडी हा तोलाचा खेळ आहे. दोघींपैकी एक नुसती उभी राहिली तर फुगडी लागतच नाही. दोघींनी मागे रेलावं लागतं, आणि एकीचं वजन दुसरीने धरायचं असतं. मोठी आणि लहान खेळत असतील तर मोठीने आपलं वजन सांभाळून द्यायचं. तालमीतला पैलवान गुडघ्यावर बसतो, तेच हे. बसफुगडी तर उकिडवं बसून उड्या मारत घालायची. आजच्या जिममधल्या तरुणांना ती दोन मिनिटं घालायला सांगा, मांड्या भरून येतील. मंगळागौरीच्या रात्री पिंगा, कोंबडा, अठूडं-केठूडं, गाठोडं असे कितीतरी खेळ पहाटेपर्यंत चालत. दम, ताकद, लवचीकपणा, तोल, काय नव्हतं त्यात? आणि ते आईकडून मुलीला, मावशीकडून भाचीला, हातात हात देऊन जात होतं. आज हे खेळ टिकले आहेत, मंडळं आहेत, स्पर्धा होतात, एकसारख्या नऊवाऱ्या नेसून बाया रंगमंचावर सुंदर खेळतात. मला त्याचा आनंदच आहे. फक्त मुली खाली खुर्च्यांवर बसून मोबाइलवर चित्रीकरण करतात, तेवढं बघवत नाही. त्यांना वर बोलवा.

बाराव्या-तेराव्या वर्षी मुली मैदानावरून नाहीशा होतात. हे मी एकतीस वर्षं बघितलं. सहावीत लंगडीला पहिली येणारी मुलगी आठवीत चिठ्ठी घेऊन येते, 'पोटात दुखतंय, पी.टी.तून सूट मिळावी'. महिन्यातला एक दिवस समजू शकते. चिठ्ठी मात्र दर आठवड्याला असते. खोदून विचारलं की कळतं, घरी म्हटलेलं असतं, आता मोठी झालीस, पुरे ते उड्या मारणं. आणि हे म्हणणारी आई बहुतेक वेळा स्वतः त्याच वयात थांबवलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2016 पर्यंतची जगभरची माहिती एकत्र केली तेव्हा 11 ते 17 वयाच्या मुलामुलींपैकी 81 टक्क्यांची हालचाल अपुरी निघाली. मुलगे 78 टक्के, मुली 85 टक्के. भारतातल्या प्रौढांची आकडेवारी 2024 साली आली. 2000 साली हालचाल अपुरी असणारे सुमारे 22 टक्के होते, ते 2022 साली 49 टक्क्यांच्या पुढे गेले. त्यातही पुरुष 42 टक्के, बायका 57 टक्के.

मघाशी साउदॅम्प्टनचं नाव आलं. तिथेच 554 आया आणि त्यांची चार वर्षांची मुलं यांची हालचाल आठवडाभर छातीवर यंत्र लावून मोजली गेली आणि तो अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. आई जितकी हालती, तितकं मूल हालतं, असं त्यात दिसलं. पण आठवड्यातून निदान एक दिवस तरी अर्धा तास मध्यम ते दमदार हालचाल करणाऱ्या आया जेमतेम निम्म्या होत्या. म्हणजे घरात माणसं नोकरीला, मूल लहान, आणि आईला स्वतःसाठी अर्धा तास मिळत नाही, ही गोष्ट कृष्णाकाठची तशी इंग्लंडचीही आहे.

निवृत्तीच्या आधी चार वर्षं मी शाळेत एक प्रयोग केला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक तास पालकांचा. मुलांबरोबर खेळायचं, कट्ट्यावर बसायचं नाही, एवढाच नियम. पहिल्या शनिवारी अकरा जण आले, त्यात नऊ आया. सगळ्या साडी किंवा पंजाबी ड्रेसमध्ये, सगळ्या कोपऱ्यात उभ्या. मी लगोरी लावली. सात चपट्या फरशीचे तुकडे, मोठा तळाला, लहान वर. एका आईच्या हातात चेंडू दिला. तिने आधी पदर खोचला, मग इकडे तिकडे पाहिलं, मग नेम धरला. लगोरी पहिल्याच फटक्यात फुटली. आणि ती पळाली. साडीच्या निऱ्या एका हातात धरून, चपला मागे टाकून, मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत. तिचा पाचवीतला मुलगा माझ्या शेजारी उभा होता. तो पळायचंच विसरला. "बाई," तो म्हणाला, "माझी आई पळती."

त्याने त्याआधी आपल्या आईला कधी पळताना पाहिलं नव्हतं. दहा वर्षांचा होता तो.

त्या बाईंशी मी नंतर बोलले. लग्नाआधी त्या खो-खो खेळायच्या, तालुक्यापर्यंत गेल्या होत्या. घरात कुणालाच हे ठाऊक नव्हतं, नवऱ्यालाही नाही. सांगायचा प्रसंगच आला नाही, म्हणाल्या. पुढच्या शनिवारी त्या येताना नवऱ्याला घेऊन आल्या. वर्षअखेरीस आम्ही चाळीसच्या वर होतो. सगळेच टिकले असं नाही. काही जण चार शनिवार येऊन गेले, काहींच्या घरी सासूबाईंना आवडलं नाही, एकीचा घोटा मुरगळला आणि त्यानंतर तिला पाठवलं गेलं नाही. ते वाईट वाटणं अजून माझ्याजवळ आहे. घोटा मुरगळला की पैलवानाला शाबासकी मिळते आणि आईला घरात बसवतात.

आता अडचणी. त्या खऱ्या आहेत आणि नुसत्या उपदेशाने जात नाहीत. शाळांची मैदानं संध्याकाळी कुलूपबंद असतात, लग्नसराईत मांडवाला दिली जातात. रस्त्याला पदपथ नाही, आहे तिथे गाड्या लावलेल्या, म्हणून अर्ध्या किलोमीटरवरच्या शाळेला मूल स्कूटरवर जातं. आई त्याला चालत न्यायला घाबरते यात तिची चूक नाही. दहावीचं वर्ष आलं की खेळ बंद, आणि हल्ली दहावीचं वर्ष आठवीतच सुरू होतं. उलट काही पालक येऊन विचारतात, या खेळाचे क्रीडा गुण मिळतील ना? गुण मिळायला माझी हरकत नाही, खेळणाऱ्या मुलांना ते मिळायलाच हवेत. पण गुण हातात पडले की बॅट माळ्यावर जाते, हेही मी पाहिलं आहे.

तरीही आपल्या गावाला जे मिळालं आहे ते पुष्कळ गावांना नाही. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे. एके काळी इथल्या पोरांना पोहायला शिकवायचे ते बाप, काका, मामा. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून पाण्यात सोडायचे आणि स्वतः छातीएवढ्या पाण्यात हात पसरून उभे राहायचे. आगाशिवचा डोंगर आहे. वर महादेव, पोटात लेणी. रविवारी पहाटे निघालं तर दहापर्यंत घरी येऊन जेवणाची तयारी करता येते, आणि चढताना तीन पिढ्या एका वेगाने जातात, कारण आजीला दम लागतो तिथे नातवाला पाणी प्यायचं असतं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते दमदार हालचाल करावी, मोठ्यांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक आगाशिव म्हणजे मोठ्यांचा निम्मा-अधिक आठवडा झाला. उरलेला हिशोब घराने आपापला करावा. ज्यांना डोंगर जमत नाही त्यांनी सतरंजी अंथरावी. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी तिला एकदा विचारावं, तू लहानपणी काय खेळायचीस. आणि मग ते खेळायला लावावं, नुसतं सांगायला नाही.

घरातल्या पुरुषांना एक विनंती. आई खेळायला बाहेर पडावी असं वाटत असेल तर त्या अर्ध्या तासाची पोळी कुणीतरी लाटायला हवी. सासूबाईंनी नाही, मुलीनेही नाही. तुम्ही.

माझी आई नव्वदीला टेकली आहे. आता ती फुगडी घालू शकत नाही, पण गेल्या नागपंचमीला ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती आणि अंगणात मी माझ्या सात वर्षांच्या नातीचे हात धरले. माझे गुडघे आता कुरकुरतात. कंबर किती खाली घ्यायची याचा अंदाज चुकला आणि पहिल्या दोन गिरक्या वाकड्या गेल्या. नात पायांकडे बघत होती. मी काही बोलायच्या आत ओसरीवरून आवाज आला, "पायाकडं बघू नगं गं, तिच्याकडं बघ."

उद्या रविवार आहे. मुख्याध्यापकांनी शाळेच्या मैदानाची किल्ली माझ्याकडे दिली आहे. सकाळी साडेसहाला मी फाटक उघडते. लगोरीचे दगड मी आणते, चेंडू कुणीतरी आणा. चपला काढायच्या असल्याने पायात काय घालायचं याची काळजी नको, आणि साडीही चालते.